सिबिल ७९२, तरी खातं वाढवून मिळेना: नकारामागचं कारण कसं शोधायचं

माझा सिबिल स्कोअर ७९२. घराच्या कर्जाचा एकही हप्ता चुकलेला नाही, क्रेडिट कार्डाचं बिल तारखेच्या आधी जातं. तरीही ज्या बँकेत माझं चौदा वर्षांचं बचत खातं आहे, तिथेच वरच्या श्रेणीच्या खात्यासाठी केलेला अर्ज फेटाळला गेला. मेसेज आला तेव्हा मी सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळद अडत्याच्या गाळ्यावर जीएसटीची बिलं जुळवत बसले होते. "बँकेच्या अंतर्गत निकषांनुसार आपली विनंती मान्य करता येत नाही." पुढे काही नाही. शेठनी मेसेज वाचला आणि म्हणाले, "मॅडम, तुमचंच असं, तर आमचं काय?" लोकांच्या वह्या सरळ करून देण्यावर माझं घर चालतं, आणि माझंच खातं वाकडं निघालं.

कारण सापडायला दोन महिने आणि शाखेच्या पाच फेऱ्या लागल्या. त्यानंतर माझ्याकडे हिशेब असलेल्या तीन-चार जणांची अशीच प्रकरणं मी हाताळली. त्यातून जी वाट सापडली ती इथे लिहितेय.

आधी एक गैरसमज बाजूला करू. सिबिल स्कोअर एकाच प्रश्नाचं उत्तर देतो: हा माणूस घेतलेली उधारी फेडतो का? ३०० ते ९०० मधला तो आकडा कर्ज आणि कार्डांच्या नोंदींवरून निघतो. तुमच्या बचत खात्यात किती शिल्लक असते, ठेवी किती आहेत, केवायसी शेवटचं कधी झालं, यातलं काहीही त्या अहवालात नसतं. खात्याची श्रेणी वाढवताना बँकेला मात्र हेच बघायचं असतं: माणूस कोण, पैसा कुठून येतो, किती दिवस टिकतो, आणि आमच्याकडची नोंद त्याच्याशी जुळते का. थोडक्यात, परीक्षा एका विषयाची आणि आपण गुणपत्रिका दुसऱ्याच विषयाची दाखवतो.

पहिली पायरी: आपण नेमकं काय मागितलं होतं?

"खातं अपग्रेड" या एका शब्दाखाली पाच वेगळ्या गोष्टी येतात आणि प्रत्येकात आपला हक्क वेगळा असतो.

मोबाइलवर आधार ओटीपी टाकून घरबसल्या काढलेलं खातं पूर्ण केवायसीचं करून घ्यायचं असेल, तर ते तुमचं काम आहे तितकंच बँकेचंही. अशा खात्यात एक लाखाच्या वर शिल्लक ठेवता येत नाही, वर्षाला दोन लाखांच्या वर जमा होऊ शकत नाही, आणि वर्षभरात पूर्ण केवायसी करावंच लागतं. इथे नकार आला तर कागदात काहीतरी जुळत नाहीये, दुसरं कारण बहुधा नसतं. झिरो बॅलन्सचं मूलभूत बचत खातं साध्या बचत खात्यात बदलणंही असंच सोपं असतं.

तिसरा प्रकार माझा: साध्या बचत खात्यावरून बँकेच्या 'खास' श्रेणीत जाणं. ही श्रेणी प्रत्येक बँकेने स्वतः तयार केलेली असते, निकषही तिचेच. इथे "मला मिळालंच पाहिजे" असं म्हणता येत नाही, पण "का मिळालं नाही ते सांगा" असं नक्की म्हणता येतं.

चौथा, बचत खात्यावरून चालू खात्यावर जाणं. दुकानदारांची बहुतेक प्रकरणं याच प्रकारातली. व्यवसायाचा पुरावा म्हणून उद्यम नोंदणी, जीएसटी प्रमाणपत्र, शॉप ॲक्टचा कागद किंवा व्यवसायाचं उत्पन्न दाखवणारं आयकर विवरणपत्र यांपैकी दोन द्यावे लागतात. दोन जमत नसतील तर बँक एकावर भागवू शकते, पण मग जागेवर येऊन खात्री करते. एक अडचण वारंवार दिसते. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने कायद्यानुसार वीसपेक्षा कमी (२०२५ च्या दुरुस्तीआधी दहापेक्षा कमी) कामगार असलेल्या दुकानाला नोंदणी दाखला मिळत नाही, फक्त सूचना दिल्याची पावती मिळते. काही काउंटरवर ती पावती बघून "हे लायसन नाही" म्हणतात. अशा वेळी वाद घालू नका, उद्यम प्रमाणपत्र पुढे करा. ते ऑनलाइन आणि फुकट निघतं, एजंटाला पाचशे रुपये द्यायची गरज नाही.

पाचवा प्रकार म्हणजे खात्याला ओव्हरड्राफ्ट (शिलकेपेक्षा जास्त पैसे काढायची सोय) किंवा क्रेडिट कार्ड जोडून मागणं. हे कर्ज झालं. इथे सिबिल खरोखर मोजलं जातं, आणि नकाराची मुख्य कारणं लेखी कळवणं बँकेला बंधनकारक आहे. कार्डाच्या अर्जालाही हाच नियम. सिबिलसारख्या पत माहिती कंपन्यांचा २००५ चा कायदा तर असं म्हणतो की, कर्ज मागणाऱ्याने विचारलं तर बँकेने त्याच्याबद्दल मागवलेल्या अहवालाची प्रत त्याला द्यावी.

याच पायरीवर एक हिशेब करून टाका, मी तो उशिरा केला. वरच्या श्रेणीच्या खात्यासाठी समजा सरासरी एक लाख शिल्लक लागते. बचत खात्यावर अडीच टक्के आणि मुदत ठेवीवर साडेसहा टक्के व्याज धरलं, तर तो लाख पडून राहिल्याने वर्षाला चार हजार रुपये सोडावे लागतात. बदल्यात काय मिळतं? 'मोफत ऑनलाइन एनईएफटी' हे आमिष असेल तर ते जानेवारी २०२० पासून सगळ्याच बचत खातेदारांना मोफत आहे. लॉकरच्या भाड्यात सूट, मोठी रोख मर्यादा, कार्डावरचा विमा हे खरे फायदे. त्यातलं तुम्ही काय वापरणार ते बघा. मला लॉकर हवा होता, म्हणून मी मागे लागले. निव्वळ सोनेरी कार्डासाठी मागे लागणाऱ्यांनी हा लेख इथेच मिटवला तरी चालेल.

दुसरी पायरी: नकार कागदावर घ्या

शाखेत तोंडी विचारलं की दोन उत्तरं मिळतात: "सिस्टीम घेत नाही" आणि "वरून रिजेक्ट झालंय". दोन्ही खरी असतात, आणि दोन्हींचा उपयोग शून्य. अर्जाचा विनंती क्रमांक घ्या आणि एक साधं पत्र द्या. मी दिलेलं पत्र असं होतं:

"प्रति, शाखा व्यवस्थापक. विषय: बचत खाते श्रेणीवाढीचा अर्ज नाकारल्याचे कारण लेखी मिळणेबाबत. मी दि. … रोजी विनंती क्रमांक … अन्वये अर्ज केला होता. तो नाकारल्याचा संदेश दि. … रोजी मिळाला. कृपया पुढील बाबी लेखी कळवाव्यात. एक, कोणता निकष पूर्ण झाला नाही. दोन, निर्णयासाठी पत माहिती कंपनीचा अहवाल पाहिला असल्यास त्या कंपनीचे नाव व अहवालाची प्रत. तीन, माझ्या ग्राहक नोंदीतील नाव, पॅन, पत्ता, व्यवसाय, उत्पन्न व केवायसी यांपैकी काय अद्ययावत करणे आवश्यक आहे. चार, खात्यावर कोणतीही लीन (रक्कम अडवून ठेवणे) अथवा निर्बंध आहे का. कळावे."

पत्र मराठीत दिलं तर बिघडत नाही. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. "मेल करा" म्हणाले तर मेलही करा, पण शिक्क्याची पोच सोडू नका. पुढे कुठेही जायचं झालं तर दिवस याच तारखेपासून मोजले जातात.

पत्रातला तिसरा मुद्दा सगळ्यात कामाचा. "का नाकारलं?" या प्रश्नावर अधिकारी सावध होतो. "काय दुरुस्त करू?" असं विचारलं की तोच माणूस खुर्ची पुढे ओढतो.

एक गोष्ट मात्र विचारून मिळणार नाही. बँक प्रत्येक ग्राहकाला कमी, मध्यम किंवा जास्त जोखमीच्या गटात टाकते. तो गट आणि त्यामागचं कारण ग्राहकाला सांगू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तेव्हा "माझी रिस्क कॅटेगरी सांगा" म्हणून काउंटरवर हट्ट धरण्यात अर्थ नाही. समोरच्याला सांगायचं असलं तरी तो सांगू शकत नाही.

तिसरी पायरी: बँकेच्या संगणकात आपण कोण आहोत?

माझं घोडं इथे अडलं होतं. चौथ्या फेरीत एका तरुण अधिकाऱ्याने माझी नोंद उघडली आणि थोडा वेळ नुसता बघत राहिला. मग त्याने वाचून दाखवलं: व्यवसाय, गृहिणी. वार्षिक उत्पन्न, पन्नास हजारांपर्यंत. नाव माहेरचं, पत्ता विश्रामबागचा, पॅन सासरच्या नावाचं. खातं काढलं तेव्हा मी शिकत होते. लग्नानंतर पत्ता बदलायला गेले, तेव्हा काउंटरवरच्या कुणीतरी न विचारताच व्यवसायाचा रकाना भरून टाकला असणार. "मॅडम, सिस्टीमला तुम्ही अजून गृहिणीच आहात," तो म्हणाला. मी म्हटलं, "घरच्यांनाही तसंच वाटतं."

हसण्यावारी नेलं, पण बँकेच्या बाजूने बघा. वर्षाला पन्नास हजार उत्पन्न सांगितलेल्या बाईच्या खात्यात दर महिन्याला वीस-पंचवीस जणांकडून यूपीआयने पैसे येतात. बँकेची यंत्रणा सांगितलेलं उत्पन्न आणि प्रत्यक्ष व्यवहार ताडून बघत असते. तफावत दिसली की खातं वर चढवण्याऐवजी ती त्यावर नजर ठेवते. माझ्या ७९२ ला तिथे विचारणारं कुणी नव्हतं.

म्हणून शाखेत बसून आपल्या नोंदीतला एकेक रकाना बघून घ्या. नाव पॅन आणि आधारशी अक्षरशः जुळतं का? आपल्याकडे आडनाव आधी की नंतर, मधलं नाव वडिलांचं की नवऱ्याचं, पूर्ण की आद्याक्षर, यात हमखास घोळ असतो. पॅन आधारला जोडलेलं आहे का? न जोडलेली पॅन १ जुलै २०२३ पासून निष्क्रिय झाली आहेत, आणि निष्क्रिय पॅनवर कुठलंही अपग्रेड पुढे सरकत नाही. केवायसी कधी झालं? जास्त जोखमीच्या ग्राहकाचं दर दोन वर्षांनी, मध्यमचं आठ आणि कमी जोखमीचं दहा वर्षांनी नवं करावं लागतं. माहितीत काही बदल नसेल तर साधं स्वयंघोषणापत्र पुरतं. त्यासाठी सगळी कागदपत्रं पुन्हा मागत असतील तर नम्रपणे नियमाची आठवण करून द्या.

पत्त्याचं दुखणं आपल्या जिल्ह्यात जास्त. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर गावभागातली किती तरी कुटुंबं वरच्या भागात राहायला गेली. आधारवर नवा पत्ता, बँकेत जुना. विटा, खानापूर, आटपाडीकडची गलाई (सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या) व्यवसायातली मंडळी तर वर्षातले दहा महिने परराज्यात असतात. त्यांच्या आधारवर एका राज्याचा पत्ता, खातं विट्याला, आणि व्यवहार सोन्याशी निगडित. यंत्रणेला शंका यायला एवढं पुरेसं आहे. सध्याच्या पत्त्याचं घोषणापत्र आणि व्यवसायाचा कागद त्यांनी न मागताच देऊन ठेवावा.

आणखी एक लपलेलं कारण म्हणजे दोन कस्टमर आयडी, म्हणजे बँकेतले ग्राहक क्रमांक. २०१९-२० मध्ये सरकारी बँकांची विलीनीकरणं झाली तेव्हा ज्यांची खाती दोन्ही बँकांत होती, त्यांच्या नावावर एकाच बँकेत दोन आयडी तयार झाले. लग्नाआधी आणि लग्नानंतर वेगळी खाती काढणाऱ्या बायकांचंही असंच. माझी मुदत ठेव दुसऱ्याच आयडीवर होती. श्रेणी ठरवताना बँक एका आयडीवरची एकूण रक्कम बघते, त्यामुळे माझी निम्मी पुंजी हिशेबात धरलीच गेली नव्हती. दोन्ही आयडी एक करून देण्याचा अर्ज द्यावा लागतो. आठवडाभराचं काम असतं, पण आपण मागितल्याशिवाय कुणी करत नाही.

चौथी पायरी: खात्याचं वर्षभराचं वागणं

बारा महिन्यांचा उतारा काढा आणि तिऱ्हाइताच्या नजरेने वाचा.

सरासरी शिल्लक म्हणजे महिनाअखेरची शिल्लक नव्हे. रोजच्या दिवसअखेरच्या शिलकेची बेरीज भागिले दिवस. समजा तीस दिवसांच्या महिन्यात पाच दिवस दोन लाख होते आणि पंचवीस दिवस आठ हजार. बेरीज दहा लाख अधिक दोन लाख, म्हणजे बारा लाख. भागिले तीस, चाळीस हजार. खातेदार छातीठोकपणे सांगतो, "माझ्या खात्यात दोन-दोन लाख असतात." असतात, पण पाहुण्यासारखे. निकष पन्नास हजारांचा असेल तर हा माणूस नापास. उपायही याच गणितात आहे: महिन्याच्या सुरुवातीला आलेली रक्कम दोन-तीन दिवस उशिरा हलवली तरी सरासरी वाढते. मात्र अर्जाच्या आदल्या आठवड्यात मोठी रक्कम टाकून काही साधत नाही, कारण बँक बहुधा तिमाही बघते.

परत गेलेले चेक आणि परत गेलेले ऑटो-डेबिट हातोहात दिसतात. एसआयपीचा किंवा विम्याचा हप्ता शिल्लक नसल्याने परत गेला तर तो सिबिलमध्ये येत नाही, कारण ते कर्ज नव्हे. बँकेच्या वहीत मात्र त्याची नोंद राहते. उत्तम सिबिल आणि तरीही नकार, यामागे मी दोनदा हेच कारण पाहिलं.

आणि तो क्यूआर कोड. गल्ल्यावर चिकटवलेला क्यूआर बचत खात्याला जोडलेला असेल तर बँकेच्या लेखी तुम्ही बचत खात्यात धंदा करताय. हरभट रोडवरच्या एका कापड दुकानदाराचं असंच झालं. त्याला बचतीची वरची श्रेणी हवी होती, बँक म्हणत होती चालू खातं काढा. तो चिडला होता, पण माझ्या मते बँकेचं बरोबर होतं. धंद्याचा पैसा चालू खात्यात, घरचा बचतीत, हे वेगळं केल्यावर तीन महिन्यांत त्याची दोन्ही कामं झाली. शिवाय वर्षभरात बचत खात्यात दहा लाख किंवा त्याहून जास्त रोख भरली की बँक ते आयकर खात्याला कळवते. म्हणजे पुढची डोकेदुखीही वाचते.

लीन आणि फ्रीझची चौकशी याच वेळी करा. फसवणुकीची १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार झाली की तो पैसा ज्या-ज्या खात्यांतून फिरला तिथे पोलिसांच्या सांगण्यावरून रक्कम अडवली जाते. तुमचा दोष नसतो; कुणीतरी तसल्या पैशातून तुमच्या दुकानात दोन हजारांची खरेदी केलेली असते. एवढ्याशा लीनमुळेही अपग्रेड अडतं. बँकेकडून तक्रारीचा पोच क्रमांक आणि कुठल्या सायबर ठाण्याची सूचना आहे ते घ्या, आणि त्या विक्रीचं बिल जोडून त्यांना लिहा.

पाचवी पायरी: सिबिल बघाच, पण आकडा सोडून

देशात पत माहिती कंपन्या चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. आपण एकीचा स्कोअर बघून खूश असतो आणि बँकेने दुसरीचा अहवाल उघडलेला असतो. म्हणून चारही काढा, त्या-त्या कंपनीच्या संकेतस्थळावरूनच. 'फ्री स्कोअर' वाटत फिरणाऱ्या ॲपना कर्ज विकायचं असतं.

अहवालात प्रत्येक कर्जाखाली महिनावार चौकोन असतात. त्यात तीन शून्यं म्हणजे हप्ता वेळेवर. आकडा असेल तर तितके दिवस उशीर. 'एक्सएक्सएक्स' म्हणजे त्या महिन्याची माहितीच बँकेने पाठवली नाही. वरची स्थिती वाचा: 'सेटल्ड' किंवा 'रिटन ऑफ' दिसलं तर थांबा. पाच हजारांच्या कार्डाचं तीन हजारांत मिटवलेलं जुनं भांडण तिथे 'सेटल्ड' म्हणून बसलेलं असतं, आणि स्कोअर चांगला असला तरी अधिकाऱ्याची नजर तिथेच अडखळते.

मग जामीन. आपल्याकडे भावकीत, मित्रात, सोसायटीत सही देणं हा रिवाजच आहे. नाही म्हटलं तर संबंध तुटतात. पण जामीनदार म्हणून केलेली सही तुमच्या अहवालात तुमच्या नावापुढे येते आणि मूळ कर्जदार थकला की तो डाग तुम्हालाही लागतो. माधवनगरच्या एका गिऱ्हाइकाला स्वतःचं एक रुपयाचं कर्ज नव्हतं. मेव्हण्याच्या ट्रॅक्टरला दिलेली सही तो विसरून गेला होता.

उलटंही घडतं. पतसंस्थेत वीस वर्षं हप्ता न चुकवलेला माणूस सिबिलच्या लेखी कोरा असू शकतो, कारण बहुतेक पतसंस्थांची माहिती या कंपन्यांकडे जातच नाही. अशांनी पतसंस्थेकडून कर्जफेडीचा दाखला घेऊन अर्जाला जोडावा. यंत्रणेला तो कळत नाही, पण शाखेतल्या माणसाला कळतो.

चूक सापडली तर कंपनीच्या संकेतस्थळावर हरकत नोंदवा आणि त्याच दिवशी बँकेलाही लिहा. दोघांना मिळून ३० दिवसांची मुदत आहे. त्यानंतर रोज १०० रुपये भरपाई द्यावी लागते, हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तक्रारीत तो नुसता लिहिला तरी कामाला वेग येतो.

सहावी पायरी: दुरुस्ती, थांबा, पुन्हा अर्ज

दुरुस्ती झाली की दुसऱ्याच दिवशी अर्ज टाकायचा मोह होतो. एक तिमाही जाऊ द्या. नवं उत्पन्न, नवा व्यवसाय, एकत्र केलेला आयडी हे सगळं नोंदीत मुरावं लागतं. उत्पन्नाचा पुरावा म्हणून विवरणपत्राची प्रत द्या. अर्ज ॲपवरून करू नका, शाखेतून करा, म्हणजे कुणीतरी त्यावर शिफारस लिहू शकतं. आणि चिडून एकाच आठवड्यात चार बँकांत ओव्हरड्राफ्ट किंवा कार्डाचे अर्ज टाकू नका. प्रत्येक अर्जाची चौकशी अहवालात उमटते आणि गरजू माणसाचं चित्र उभं राहतं.

सातवी पायरी: तक्रार, पण नेमक्या शब्दांत

शाखेने दाद दिली नाही तर बँकेच्या नोडल (तक्रारींसाठी नेमलेल्या) अधिकाऱ्याकडे जा. नाव-पत्ता शाखेतल्या फलकावर असतो. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. २०२१ पासून देशभर एकच योजना आहे. तक्रार रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर किंवा चंदीगडच्या केंद्राला पोस्टाने करता येते, चौकशीसाठी १४४४८ हा टोल-फ्री क्रमांक आहे. खर्च काही नाही, वकील लागत नाही. लागत नाही म्हणजे चालतच नाही, तुम्ही स्वतः वकील असल्याशिवाय.

इथे बरेच जण शब्दांत हरतात. बँकेच्या व्यावसायिक निर्णयाविरुद्धची तक्रार लोकपाल घेत नाही. "मला खास खातं दिलं नाही" असं लिहिलं की प्रकरण दारातच बंद. त्याऐवजी जे सेवेतलं न्यून आहे तेच लिहा: अमुक तारखेला लेखी कारण मागितलं, दिलं नाही. केवायसी दुरुस्तीचा अर्ज इतके दिवस पडून आहे. चुकीची पत माहिती कळवूनही दुरुस्त केली नाही. सोबत शिक्क्याची पोच. खातं वाढवून द्या असा आदेश लोकपालाकडून येत नसतो, पण अडलेला कागद हलतो, आणि बहुतेकदा अपग्रेड त्या कागदामागेच अडकलेलं असतं.

बँक कुठली यावरही वाट ठरते. व्यापारी आणि ग्रामीण बँका, तसंच ५० कोटींच्या वर ठेवी असलेल्या नागरी सहकारी बँका या योजनेत आहेत; सांगली, साताऱ्यासारख्या जिल्हा मध्यवर्ती बँका नोव्हेंबर २०२५ पासून आल्या. पतसंस्था मात्र रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत नाहीत. त्यांची तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे.

बँकच बदलायची ठरली तर

माझं खातं शेवटी वाढलं, गृहिणीची 'व्यावसायिक' झाले त्यानंतर साडेतीन महिन्यांनी. त्या हळदवाल्या शेठनी मात्र वाट न बघता दुसऱ्या बँकेत खातं काढलं, आणि तेही शहाणपणाचंच होतं. फक्त जुनं खातं लगेच बंद करू नका. पीएम किसान किंवा लाडकी बहीणचे पैसे आधारला जोडलेल्या खात्यात जातात. नव्या बँकेत आधार लिंक केलं की ते मुकाट तिकडे वळतात आणि घरात आठ दिवस "पैसे आलेच नाहीत" चालतं. एसआयपी, कर्जाचे हप्ते, विजेचं बिल एकेक करून हलवा. त्यासाठी तीन महिन्यांचा नाही, पूर्ण वर्षाचा उतारा समोर ठेवा. शेठनी तीन महिन्यांचा बघून जुनं खातं रिकामं केलं, आणि गाळ्याच्या विम्याचा वर्षाचा हप्ता अकराव्या महिन्यात उगवला.